पहिल्या ‘श्री’साठी स्टेजवर उतरायचं ठरवताना

मार्चच्या सुरुवातीला स्पर्धेत उतरायचं असेल, तर ते गणपतीतच ठरवावं लागतं. महाराष्ट्रात शरीरसौष्ठवाचा हंगाम साधारण डिसेंबरात तापतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. आधी मंडळांच्या आणि व्यायामशाळांच्या स्थानिक ‘श्री’ किताबाच्या स्पर्धा, मग जिल्ह्याची, मग महाराष्ट्र श्री. जानेवारीत एखाद्या मैदानावर रात्री उशिरापर्यंत चाललेली स्पर्धा बघून अनेकांच्या अंगात येतं आणि ‘सहा आठवडे आहेत, काढू कटिंग’ असं ठरतं. कटिंग म्हणजे चरबी उतरवून स्नायूंच्या रेषा, म्हणजे कट, उठून दिसतील असं करणं. सहा आठवड्यांत दहा किलो उतरवायला गेलं की चरबीबरोबर स्नायूही जातात. मग पोरगा स्टेजवर बारीक दिसतो, पीळदार दिसत नाही.

नवोदितांच्या गटात दंड आणि छाती बहुतेकांचीच बरी असते. निकाल लागतो तो कटिंगवर, पाठ आणि पायांवर आणि पोझवर. या तिन्ही गोष्टी पैशाने किंवा शेवटच्या आठवड्यातल्या क्लृप्त्यांनी मिळत नाहीत, त्यांना महिने द्यावे लागतात. म्हणून ‘माझी साईज पुरेल का’ या प्रश्नाने सुरुवात करू नका. आधी तारीख बघा आणि तिथून मागे आठवडे मोजत या.

त्याआधी एक साधी चाचणी. फक्त ट्रंकवर (स्पर्धेत घालतात ती आखूड चड्डी), ट्यूबलाइटच्या उजेडात, हात सैल सोडून चारही बाजूंनी फोटो काढून घ्या. जिममधल्या वरून पडणाऱ्या दिव्याखाली काढू नका, तिथे सगळेच चांगले दिसतात. पाठीमागचा फोटो सगळ्यात जास्त वेळ बघा. विंग्ज, म्हणजे पाठीचे बाजूचे स्नायू, कमरेपासून वर रुंदावत जातात का, मांडीची मागची बाजू अस्तित्वात आहे का, पोटरी दिसते का? तीनही उत्तरं नाही असतील, तर हे वर्ष स्क्वॉट, डेडलिफ्ट, रोइंग आणि पुल-अपला द्या. दोन-तीन वर्षं खंड न पडता व्यायाम झालेला नसेल, तर कटिंग करून दाखवण्यासारखं आत काही नसतं. कपडे घालून धिप्पाड दिसणं आणि स्टेजवर उभं राहता येणं यांत मोठं अंतर आहे.

आता वजनाचा हिशेब. समजा वजन ७५ किलो आहे आणि चरबी १८ टक्के. (जिममधलं हातात धरायचं यंत्र १३ दाखवेल. ते शरीरातल्या पाण्यावरून अंदाज बांधतं, त्यामुळे त्याचा आकडा सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा येतो. पोटाच्या खालच्या भागाची चिमूट जाड येत असेल, तर स्वतःला १३ टक्के समजू नका.) म्हणजे १३.५ किलो चरबी आणि ६१.५ किलो बाकी सगळं. स्टेजवर ६ टक्क्यांच्या आसपास यायचं असेल, तर ६१.५ भागिले ०.९४, म्हणजे साधारण ६५.४ किलो. इतक्या लांबच्या डाएटमध्ये थोडा स्नायू जातोच, तो धरला की ६४ ते ६५. याचा अर्थ, आज स्वतःला ७५ किलो गटातला समजणारा हा खेळाडू प्रत्यक्षात ६५ किलो गटातला आहे. गट साधारणपणे ५५, ६०, ६५, ७०, ७५, ८० असे पाच-पाच किलोंनी चढतात. हे आधी कळलं नाही, तर ऐनवेळी ६६ किलोवर अडकून ७० किलोवाल्यांत उभं राहावं लागतं, चार किलो कमी स्नायू घेऊन.

दहा किलो उतरवायचे आहेत. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का हा वेग स्नायूंना मानवतो. सुरुवातीला त्यातला वरचा आकडा चालतो, शेवटी-शेवटी खालचाच. सरासरी अर्धा किलो धरली तर वीस आठवडे. आजारपण, घरातलं लग्न, ऑफिसचा दौरा यासाठी दोन आठवडे राखीव. बावीस झाले. मार्चच्या पहिल्या आठवड्यातून बावीस आठवडे मागे या, नवरात्राच्या आसपास पोचाल. म्हणून गणपतीत ठरवायचं, मोदक खाऊन घ्यायचे, रक्ततपासणी करायची आणि विसर्जनानंतर वजनकाटा विकत आणायचा. दिवाळी मात्र डाएटमध्ये येणार, संक्रांतही येणार. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. फराळाच्या ताटावरून आईशी वाद होण्यापेक्षा ऑक्टोबरातच बसून बोललेलं बरं.

रक्ततपासणी टाळू नका. रक्तगणना, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), यकृताच्या चाचण्या, लिपिड, साखर, थायरॉइड, ड आणि बी-१२ जीवनसत्त्व, शिवाय रक्तदाब आणि ईसीजी. रक्त द्यायच्या आधी तीन-चार दिवस जड व्यायाम बंद ठेवा. पायांच्या जड व्यायामानंतर यकृताच्या चाचणीतले एसजीओटी आणि एसजीपीटी हे आकडे स्नायूंमुळेही वाढलेले दिसतात आणि यकृत बिघडलं म्हणून उगाच धावपळ होते. क्रिएटिन हे सप्लिमेंट घेत असाल आणि स्नायू भरपूर असतील, तर क्रिएटिनिनही थोडं वर दिसू शकतं. डॉक्टरांना हे आपणहून सांगायचं.

खाण्याची सुरुवात दोन आठवडे काहीही न बदलता, फक्त मोजून करा. जे खाता ते लिहा आणि रोज सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा. एका दिवसाच्या आकड्याला किंमत देऊ नका, सात दिवसांची सरासरी धरा. सरासरी स्थिर असेल तर तेवढे उष्मांक म्हणजे तुमची पातळी. बसून नोकरी आणि रोज तासभर व्यायाम करणाऱ्या ७५ किलोच्या माणसाची पातळी बहुधा २५०० ते २६०० निघते. त्यातून ३०० ते ४०० कमी करा. वरच्या उदाहरणात २२०० धरू.

प्रथिनं चरबीविरहित वजनाच्या किलोमागे २.३ ते ३.१ ग्रॅम. ६१.५ किलोला १६५ ग्रॅम घेऊ, ते ६६० उष्मांक. चरबी ५५ ग्रॅम, ४९५ उष्मांक. उरले १०४५, म्हणजे साधारण २६० ग्रॅम कर्बोदकं. ताटात हे असं येतं: कच्चं मोजलेलं ३०० ग्रॅम चिकन ब्रेस्ट, एक अख्खं अंडं आणि पाच पांढरे, एक स्कूप व्हे (दुधातल्या प्रथिनांची पावडर), २०० ग्रॅम सायविरहित दही, ४० ग्रॅम कोरडी डाळ, १५० ग्रॅम कोरडा तांदूळ, ४० ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकऱ्या, ६० ग्रॅम ओट्स किंवा पोहे, एक केळं, ३० ग्रॅम शेंगदाणे, दिवसभरात तीन चमचे तेल आणि पालेभाजी, काकडी, कोबी हवं तेवढं. चिकनऐवजी मासे चालतात, फक्त तळलेले नकोत. शाकाहारी खेळाडूला अवघड जातं, पण जमतं: सोया वडी कोरडी ५० ग्रॅम, म्हणजे २६ ग्रॅम प्रथिनं, दोन ते तीन स्कूप व्हे, साय काढलेलं दूध, कमी चरबीचं पनीर. साधं पनीर मात्र हातचं राखून खा. १०० ग्रॅममध्ये १८ ग्रॅम प्रथिनांबरोबर २० ग्रॅमच्या वर चरबी येते, म्हणजे दिवसाच्या कोट्याचा मोठा वाटा एकाच वाटीत संपतो.

मोजण्यात दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. पहिलं, कच्चं की शिजलेलं. १०० ग्रॅम तांदळाचा शिजून २८०-३०० ग्रॅम भात होतो, तर १०० ग्रॅम चिकन शिजून ७०-७५ ग्रॅम उरतं. तक्त्यात ‘१५० ग्रॅम तांदूळ’ लिहिलेलं असताना १५० ग्रॅम भात खाल्ला की त्यातली कर्बोदकं एकतृतीयांशावर येतात. मग आठ दिवसांत जोर संपतो आणि दोष डाएटला दिला जातो. प्रत्येक गोष्ट कच्ची मोजायची, हा एकच नियम ठेवा. दुसरं म्हणजे तेल. पाच ग्रॅमच्या चमच्याला ४५ उष्मांक. घरच्या फोडणीत माणशी चार चमचे सहज पडतात आणि वहीत एकही लिहिला जात नाही. आपली भाजी वेगळी करायला लावण्यापेक्षा तेलाची बाटली काट्यावर ठेवून घरातल्या सगळ्यांचंच तेल मोजून घेतलं तर कुणावर भार पडत नाही.

सरासरी वजन सलग दोन आठवडे हललं नाही, तरच हात लावायचा: १०० ते १५० उष्मांक कमी, किंवा रोज वीस मिनिटं जास्त चालणं. दोन्ही एकदम नको. बाराव्या-चौदाव्या आठवड्यानंतर वजन अडतं, त्याचं एक कारण डोळ्यांना दिसत नाही. थकलेला माणूस नकळत कमी हलतो. जिन्याऐवजी लिफ्ट घेतो, स्टेशनवरून चालत यायचा तो रिक्षा करतो. म्हणून पावलं मोजा आणि आठ ते दहा हजारांच्या खाली जाऊ देऊ नका. तासभर ट्रेडमिलवर धापा टाकण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं, आणि पायांची ताकद व्यायामासाठी शिल्लक राहते.

व्यायामाबद्दल एकच गोष्ट ठासून सांगतो, कारण ती प्रत्येक हंगामात कुणीतरी उलटी करतो. कटिंगमध्ये वजन हलकं करून वीस-पंचवीस रेप्स (एका सेटमधल्या आवृत्त्या) मारल्याने कट येत नाहीत. कट येतात ते खाण्यातून. व्यायामाचं काम स्नायू टिकवणं, आणि शरीर तो टिकवतं जेव्हा त्याच्यावर जड ओझं येत राहतं. म्हणून सप्टेंबरात १०० किलोने आठ स्क्वॉट होत असतील, तर जानेवारीतही १०० च्या जवळपास राहायचा प्रयत्न करा. प्रत्येक भाग आठवड्यातून दोनदा, आठवड्याला दहा ते सोळा सेट. शेवटच्या सहा आठवड्यांत सेट कमी करा, वजन नको. बार्बेल स्क्वॉटला तोल जायला लागला तर लेग प्रेसवर या. थकलेल्या शरीराने नवा विक्रम करायला जाऊ नका, उपाशीपोटी झालेली दुखापत लवकर भरत नाही.

पोझिंग मात्र पहिल्या आठवड्यापासून. याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं आणि पहिल्या पाचांतून बाहेर जाण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे. सक्तीच्या पोझ सात: समोरून डबल बायसेप्स, समोरून लॅट स्प्रेड (विंग्ज पसरून दाखवणं), साइड चेस्ट, मागून डबल बायसेप्स, मागून लॅट स्प्रेड, साइड ट्रायसेप्स आणि अॅब्डॉमिनल-थाय. त्याआधी चार दिशांना वळून उभं राहणं असतं. त्याला रिलॅक्स्ड म्हणतात, पण सैल काहीच नसतं: विंग्ज उघडलेल्या, पोट आत, मांड्या आवळलेल्या. पंच खेळाडूंना शेजारी उभं करून तुलना करतात, ती लांबली की हीच अवस्था मिनिटं-मिनिटं धरावी लागते, आणि दुसऱ्या कुणाचा क्रमांक पुकारला गेला म्हणून पोट सोडणारा नवोदित पंचांना तिथेच दिसतो.

प्रत्येक पोझ पायापासून बांधायची. आधी पंजे, मग पोटरी, मांडी, मग कंबर, शेवटी हात. नवीन मुलं आधी हात वर करतात आणि पाय विसरतात. मागून डबल बायसेप्समध्ये एक पाय मागे, चवड्यावर, पोटरी कडक, मांडीची मागची बाजू आवळलेली, कोपरं किंचित मागे आणि वरचं अंग पंचांकडे थोडं झुकलेलं. ताठ उभं राहिलात तर खालची पाठ झाकली जाते. साइड चेस्टमध्ये पुढच्या पायाची मांडी दुसऱ्या मांडीवर दाबली की मागचा स्नायू बाहेर येतो. अॅब्डॉमिनलमध्ये पूर्ण श्वास सोडून मग आवळा, श्वास धरून आवळलं की पोट फुगतं. रोज दहा-पंधरा मिनिटं, प्रत्येक पोझ वीस ते तीस सेकंद. पहिला महिना आरशासमोर, नंतर आरशाकडे पाठ करून मोबाइलवर चित्रण घ्या, कारण स्टेजवर आरसा नसतो. फ्री पोझिंगला, म्हणजे गाण्यावर स्वतःच्या आवडीच्या पोझ दाखवायला, साधारण साठ सेकंद मिळतात. बेस्ट पोझरचं बक्षीस वेगळं असतं, पण पहिल्या वेळी गाण्याची निवड दुय्यम. सात पोझ चेहरा न वाकडा करता धरता आल्या तरी खूप.

शरीरात काय होतं, तेही आधी माहीत असलेलं बरं. आठव्या आठवड्यापर्यंत मजा वाटते. त्यानंतर भूक झोपेतही जात नाही, पहाटे तीनला जाग येते, पंख्याखाली थंडी वाजते, कामेच्छा मंदावते, किरकोळ गोष्टीवर चिडचिड होते. टेस्टोस्टेरॉन खाली येतं आणि स्पर्धेनंतर पोटभर खाणं सुरू झालं की काही आठवडे-महिन्यांत सावरतं. स्त्री खेळाडूंची पाळी थांबली तर तो ‘कटिंग जमतंय’ असा पुरावा समजू नका. डॉक्टरांना दाखवा आणि खाणं वाढवा, स्पर्धा पुढे ढकलावी लागली तरी.

याच टप्प्यावर कुणीतरी इंजेक्शन पुढे करतं. स्टेरॉइड, चरबी जाळायला म्हणून दिलं जाणारं क्लेनब्युटेरॉल, थायरॉइडच्या गोळ्या, लघवीची औषधं. ताकद यावी म्हणून मेफेंटरमाइनसुद्धा, जे भूल दिलेल्या रुग्णाचा घसरलेला रक्तदाब वाढवायला शस्त्रक्रियागृहात वापरतात. डोपिंग चाचणीत पकडलं जाणं हा त्यातला छोटा धोका. लघवीच्या औषधाने पाण्याबरोबर पोटॅशियम जातं आणि हृदयाचा ताल बिघडतो. मोहम्मद बेनाझिझा हा जागतिक दर्जाचा व्यावसायिक खेळाडू १९९२ मध्ये नेदरलँड्समधल्या स्पर्धेनंतर काही तासांत गेला, आणि शरीर सुकवण्याचे टोकाचे प्रयत्न हेच त्याचं कारण मानलं जातं. त्याच्याभोवती तर अनुभवी माणसं होती. नवोदित स्पर्धेतल्या करंडकासाठी हे करायला सांगणारा माणूस तुमचा सर नव्हे, हे माझं स्पष्ट मत आहे.

शेवटचा आठवडा जितका साधा तितका चांगला. पाणी आणि मीठ तोडून ‘ड्राय’ व्हायचं खूळ अजून जिवंत आहे. स्नायूत सुमारे तीनचतुर्थांश पाणी असतं, आणि साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजनबरोबर (स्नायूतला कर्बोदकांचा साठा) साधारण तीन ग्रॅम पाणी येतं. पाणी तोडलं की स्नायू फ्लॅट पडतो, पंप (व्यायामाने स्नायू फुगणं) येत नाही, शिरा दिसेनाशा होतात आणि स्टेजवर पोटरीत गोळा येतो. चरबी राहिली असेल तर ती पाणी तोडून झाकली जात नाही. म्हणून नेहमीचं पाणी, नेहमीचं मीठ. सोमवार-मंगळवारी शेवटचा पायांचा व्यायाम, मग दोन दिवस कर्बोदकं नेहमीच्या दीडपट ते दुप्पट, नेहमीच्याच पदार्थांतून. पोटात गॅस करणारी कडधान्यं आणि कोबी दोन दिवस बंद. या आठवड्यात काही नवीन खाऊ नका, नवीन सप्लिमेंटही नको.

केस आधी एकदा काढून बघा, म्हणजे पुरळ येतं का ते कळेल. वॅक्सिंगचा पहिला प्रयोग शेवटच्या आठवड्यात नको. टॅन, म्हणजे अंगाला लावायचा गडद रंग, सावळ्या त्वचेलाही लागतोच, नाहीतर स्टेजच्या झोतात कट पुसले जातात. आदल्या दिवशी अंग घासून, कोरडं करून पहिला हात, तो वाळल्यावर दुसरा, स्पर्धेच्या दिवशी शेवटचा. डिओडरंट लावू नका, काखेत टॅन हिरवट पडतो. मुंबईच्या दमट हवेत घामाने ओघळ येतात, म्हणून सैल, काळे, लांब बाह्यांचे कपडे घाला आणि पंख्याजवळ बसा. तेल अगदी पातळ, जायच्या आधी पाच मिनिटं. चपचपीत तेलाने चकाकी येते आणि कटची खोली जाते.

प्रवेशाच्या अटी आधी वाचा. काही स्पर्धा जिल्ह्यापुरत्या असतात, काही फक्त नवोदितांसाठी, जशी मुंबईत नवोदित मुंबई श्री होते. पहिल्या वेळी तशीच शोधा. संघटना एकाहून अधिक आहेत आणि एकीकडे खेळल्यावर दुसरीकडे अडचण येऊ शकते, म्हणून अर्ज भरण्याआधी आपल्या व्यायामशाळेत विचारून घ्या. आधार कार्ड, ज्युनियरसाठी वयाचा दाखला आणि फोटो जवळ असू द्या. ट्रंक एकरंगी, साधी, आणि एक जास्तीची.

पिशवीत जुना टॉवेल, गडद चादर, रबर बँड, सेफ्टी पिना, चपला, पाणी, मीठ, ब्रेड-जॅम किंवा चिक्की. वजन दुपारी होतं, स्टेज रात्री दहा-अकरालाही मिळू शकतं, त्यामुळे सगळं एकदम खाऊ नका. दर दीड-दोन तासांनी थोडा भात किंवा ब्रेड, घोट-घोट पाणी, आणि बाकी वेळ पाय वर करून आडवं पडायचं. आपल्या गटाचं नाव पुकारायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बँडने पाठ, खांदे, छाती, दंड. मांड्यांना पंप देऊ नका, फुगलेल्या मांडीचे कट बुजतात आणि गोळे येतात.

निकाल काहीही लागो, पंच मोकळे झाले की जाऊन विचारा, कुठला भाग कमी पडला. बहुतेक जण नीट सांगतात. आपला क्रमांक आणि तुलनेच्या वेळचं चित्रण एकत्र बघितलं की पुढच्या वर्षीचं काम कळतं.

त्या रात्री हवं ते खा, पण दुसऱ्या दिवशी सकाळी काटा परत ओट्यावर ठेवा. मोकाट सुटलेल्या आठवड्यात चार-सहा किलो चढतात, घोट्यांना सूज येते आणि पाच महिन्यांच्या भुकेनंतर पोट भरल्याची जाणीवच होत नाही. पहिल्याच आठवड्यात ३०० ते ४०० उष्मांक वाढवा, मग दर आठवड्याला शंभर-दीडशे. दोन-तीन महिन्यांत चार-पाच किलो वाढणं योग्य आहे, कारण ६ टक्के ही राहायची जागा नव्हे. दोन आठवड्यांनी दुसरी स्पर्धा असेल आणि झोप, रक्तदाब, मन ठीक असेल, तर फक्त तेवढे दोन आठवडे जुनंच डाएट चालू ठेवा. त्यापेक्षा लांबची असेल तर ती सोडा आणि एप्रिलपासून पाठीवर आणि पायांवर वजन वाढवायला घ्या.